बाहुल्यानं पेरलेला कातर

इथले जुने वाचक मला गॅजेट्सच्या विभागातून ओळखतात. कोणता राउटर घ्यावा, जुना लॅपटॉप घेताना काय तपासावं... मी तेवढंच लिहितो. अमानवीय अनुभवांचा हा विभाग मी वाचत आलोय, पण जेवताना, गंमत म्हणून. भूत, चकवा, अंगात येणं यातलं काही मला कधी पटलं नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की बाकीचे लिंबू शोधायला पळायचे आणि मी साखर-मिठाचं पाणी घेऊन उभा राहायचो. आजही तसाच आहे. हा लेखसुद्धा मी एका नव्या गेमिंग कन्सोलचे 'फर्स्ट इंप्रेशन्स' म्हणूनच लिहायला घेतला होता. अर्धा झाल्यावर लक्षात आलं की हा तिकडे बसणार नाही. म्हणून इकडे आलो.

आधी जागा नीट सांगतो, कारण सगळं जागेवरच अवलंबून आहे.

वाशिम जिल्हा, मंगरुळपीर तालुका. शेलूबाजारला हायवे सोडून जीपनं थोडं आत गेलं की आमचं गाव. समोर एक खोली, मागे स्वयंपाकघर, वर टिनपत्रे असं घर. गावाला लागूनच शेत. त्या शेताचा नाल्याकडचा तुकडा तिकोनी आहे. नाला तिरपा वाहतो, त्यामुळे वावर तिकडे निमुळतं होत जातं. आम्ही त्या तुकड्याला 'कातर' म्हणतो. बाकी वावर ट्रॅक्टरनं पेरतो, पण कातरात ट्रॅक्टर वळत नाही. तिथे अजून बैलांची तिफण चालते. शेजारचे शेषरावकाका त्यांचे बैल घेऊन येतात आणि बाबा चाड्यावर मूठ धरतात.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिफणीवर चाडं म्हणजे एक लाकडी वाटी असते, तिच्यातून नळ्या जमिनीत जातात. कमरेला बांधलेल्या ओटीतून मूठभर बी घ्यायचं आणि चालता चालता बोटांतून ते चाड्यात सोडत राहायचं. या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंतची एक ओळ म्हणजे एक तास. धुरा आला की वळायचं, ओटीत हात घालायचा, पुढचा तास. दिसायला सोपं आहे. मी एका वर्षी हट्टानं मूठ धरली होती. मूग उगवला तेव्हा येणारा-जाणारा विचारायचा, "इथी कोन पेरलं बे, कोंबडीनं?"

बाबांची मूठ मात्र गावात नावाजलेली. माझं कारंज्याचं कॉलेज, खोली, मेस, सगळं त्या मुठीतून आलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, आता नागपूरला एका कंपनीत कॉम्प्युटर सपोर्टला आहे. पदवीदानाच्या फोटोत बाबांचा उजवा हात माझ्या खांद्यावर आहे. तो फोटो मी ऑफिसच्या टेबलावर ठेवलाय.

तोच हात दसऱ्यानंतर गेला. लकवा. उजवी बाजू. दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून पाय बऱ्यापैकी सुधारला, बोलणंही आलं. हात नाही आला. खांद्यापासून नुसता लोंबायचा, चिमटा काढला तरी त्यांना कळायचं नाही. वाशिमच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, की हाताला जे परत मिळायचं ते सुरुवातीच्या महिन्यांतच जास्त मिळतं, आणि त्यासाठी व्यायाम रोज हवा, मन लावून हवा. नुसतं दुसऱ्यानं हात उचलून खाली ठेवायचा, असं नको.

आणि बाबांचं नेमकं मनच उठलं होतं. हात मांडीवर ठेवायचे आणि वरून दुपट्टा टाकायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "पाव्हना हाय थो. झाकून ठेवला."

पौषात मायचा फोन आला. "गजू, तुहे बाबा वावर बटईनं देऊन राह्यले. पाडव्यापासून. मानूस येऊन पाहून बी गेला."

बटई म्हणजे दुसरा कसणार, पीक अर्धं-अर्धं. आमच्याकडे असे व्यवहार पाडव्याला ठरतात. पोटापाण्याचं म्हणाल तर त्यात काही वाईट नव्हतं, माझी नोकरी होती. पण बाबांच्या या निर्णयाचा अर्थ माय मला सांगत होती आणि मला तो कळत होता. वावर दिलं की हात परत यायचं काही कारणच उरणार नव्हतं.

मॅडम मागे सहज म्हणाल्या होत्या, की मोठ्या शहरांत अशा पेशंटना हालचालीचे व्हिडिओ गेम खेळायला देतात. मी गॅजेटवेडा माणूस. मला एवढं पुरे होतं.

आता कन्सोलबद्दल. (हा भाग मूळ लेखातला आहे, तो काढवत नाही, सॉरी.) काय चीज आहे! चहापत्तीच्या डब्याएवढा चौकोनी डबा, त्याच्या कपाळावर कॅमेरा. हातात काही म्हणजे काही धरायचं नाही. बटण नाही, काठी नाही. टीव्हीला एक केबल जोडायची, समोर उभं राहायचं, कॅमेरा तुमचं डोकं, खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे ओळखतो आणि स्क्रीनवर तुमचा बाहुला तयार होतो. तुम्ही हात वर केला की तो करतो. तुम्ही वाकलात की तो वाकतो. नागपूरच्या खोलीत पहिल्यांदा लावला तेव्हा मी एकटाच असून मोठ्यानं हसलो होतो. उशीर जवळजवळ जाणवत नाही. बाहुल्याला बोटं नाहीत, नुसते गोल पंजे, पण मनगटाची बारीक हालचालही तो पकडतो. उजव्या मनगटावर त्याला लाल पट्टा असतो, म्हणजे डावं-उजवं गोंधळत नाही. हा लाल पट्टा लक्षात ठेवा.

संक्रांतीच्या सुट्टीत घेऊन गेलो. रविवारची सकाळ, दार उघडं, ऊन थेट खोलीत आलेलं. कॅमेऱ्यासमोर मोकळी जागा लागते म्हणून मी बाज उभी केली, तुरीची पोती एका बाजूला लोटली. शेषरावकाका टीव्हीचा आवाज ऐकून चहाच्या वेळेला हजर झालेच.

"काय आनलं बे? सेट टॉप बॉक्स?"

"नाही काका. गेम आहे. याच्यासमोर उभं राहून खेळायचं."

"खेळ नागपूरचा अन् उभे आमी."

चालू केलं आणि पहिल्याच झटक्यात स्क्रीनवर दोन बाहुले आले. मी एकटा समोर उभा होतो. काका दोन पावलं मागे सरकले, मायनं पदर डोक्यावर घेतला. इथेच काही लोक भुताची गोष्ट लिहून मोकळे झाले असते... मी मागे वळून पाहिलं. भिंतीवर देवीचं कॅलेंडर. कॅमेऱ्यानं देवीला दुसरा खेळाडू धरलं होतं.

"कॅलेंडर उलटं करतो," मी म्हणालो.

"देवीचं तोंड भिताडाकडं? हात तं लाव," माय म्हणाली. तिनं ते सन्मानानं काढून स्वयंपाकघरात नेलं. दुसरा बाहुला गेला. हे मुद्दाम सांगतोय, की हा कॅमेरा चुकतो, आणि चुकला की मी आधी भिंत तपासतो.

मग काका खेळले. फळं फोडायचा गेम. वरून टरबूज, आंबे पडतात, हातानं उडवायचे. काकांच्या धोतरामुळे कॅमेऱ्याला गुडघेच सापडेनात. बाहुल्याचे हात एकदम रुबाबात आणि खाली पाय मात्र लटलट नाचताहेत. मायला हसू आवरेना.

"वैनी, हसू नका. तुमी या."

"मी नाही बाप्पा. थो पाह्यते माह्याकडं."

पण आली. पदर खोचून आली, आणि तिनं जी टरबूजं फोडली... काकांचा स्कोअर पार मागे. "भाकरी थापतो मी रोज, तुमच्यासारखी पारावर नाही बसत," एवढं ऐकवून ती आत गेली. इतका आनंद त्या खोलीत दसऱ्यापासून झाला नव्हता.

बाबा खुर्चीवर होते. हसत नव्हते, पण बघत होते. मी हळूच त्यांची खुर्ची मधोमध ओढली. बसून खेळायचीही सोय आहे, बाहुला मात्र उभाच दिसतो.

"काहून ओढून राह्यला मले?"

"बाबा, नुसता डावा हात. टरबूज आलं की उडवा."

"लेकराईचे खेळ."

"वैनीनं हरवलं मले," काका म्हणाले. "आता तू बी हर, किसन. म्हंजे जोडी होईन."

बाबांनी डावा हात उचलला. पहिलं टरबूज सुटलं, दुसरं सुटलं, तिसरं फुटलं. मग लागोपाठ. गेम संपेपर्यंत ते पुढे सरकून बसले होते आणि मिशीखाली काहीतरी होतं, ज्याला मी हसू म्हणेन. डब्याला नेट मिळतंय का म्हणून मी फोनवरचं हॉटस्पॉट बघत होतो. माय आतून काठवटीतलं पीठ हातांना तसंच घेऊन दारात आली होती, ते आवाज ऐकून.

गेम संपला की या कन्सोलवर एक मोकळं हिरवं मैदान येतं. बाहुला तिथे नुसता उभा असतो आणि पुढचा गेम निवडेपर्यंत तुमची नक्कल करतो. बाबांनी डावा हात गुडघ्यावर ठेवला. बाहुल्याचाही डावा हात खाली गेला.

आणि बाहुल्याचा उजवा हात वर आला. लाल पट्ट्याचा.

मी आधी बाबांकडे पाहिलं. उजवा हात मांडीवर, वर दुपट्टा, दुपट्ट्याला घडीसुद्धा पडलेली नाही. मी मनात म्हणालो, झाकलेला हात कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून अंदाजानं काहीतरी दाखवतोय. मी दुपट्टा काढायला वाकलो.

"थांब," माय म्हणाली. "हात नको लावू."

बाहुल्याचा हात छातीच्या थोडा खाली येऊन थांबला होता. कोपर अंगाला लागून. पंजा खाली. आणि मनगट हलत होतं... बारीक, एकसारखं, घाई नाही, थांबणं नाही.

"आवो," माय बाबांना म्हणाली, पण नजर टीव्हीवर, "हे तं पेरून राह्यलं."

"काय पेरून राह्यलं वैनी, गेम हाय थो," काका म्हणाले.

"तुमी बैलाच्या शेपट्या पाह्यता. मांगून मी चालतो दरसाल. मले नाही समजत कोनाची मूठ हाय थे?"

तेवढ्यात मनगट थांबलं, हात कमरेकडे गेला आणि परत छातीपाशी आला. ओटीत हात घालून मूठ भरल्यासारखा. पुन्हा मनगट हलायला लागलं.

माय एक पाऊल पुढे आली. थोड्या वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, "आता धुरा."

हात कमरेकडे गेला.

मी तुम्हाला शपथेवर सांगतो, आधी मायनं म्हटलं, मग हात गेला. पुढच्या वेळी ती "आता" म्हणाली ती जरा लवकर म्हणाली, आणि हातही लवकरच गेला. त्याच्या पुढच्या वेळी आणखी लवकर. प्रत्येक तास आधीच्यापेक्षा आखूड होत चालला होता. मला समजायला वेळ लागला. माय केव्हाच समजली होती. चौकोनी वावरात सगळे तास सारखे असतात. आखूड होत जातात ते फक्त कातरात, नाल्याच्या अंगानं.

नंतरच्या वळणाला शेषरावकाकांच्या तोंडून बैल वळवायचा आवाज निघाला. त्यांचं त्यांना कळलं नाही. जीभ टाळूला लावून काढतात तो आवाज.

मग एक वेगळी गोष्ट झाली. एका तासाच्या अधेमधेच मनगट थांबलं. हात वर उचलला गेला, खांद्याइतका, क्षणभर तसाच राहिला, आणि खाली येऊन पुन्हा पेरायला लागला.

"हे काहून?" माय म्हणाली.

"तठी काही नाही," काका आता अगदी खरोखरचं बोलावं तसं बोलले. "दगड नाही, झाड नाही. मूठ काहून उचलली?"

पुढच्या तासात, जवळपास त्याच जागी, हात पुन्हा उचलला गेला. त्यानंतर नाही. तास लहान लहान होत गेले. शेवटचा तर नुसता दोन झटक्यांचा. मग बाहुल्यानं कमरेत हात घातला आणि तो हात बाहेरच्या बाजूला एकदा झटकला.

कातर संपला की बाबा शेवटची मूठ चाड्यात सोडत नाहीत. ती धुऱ्यावर फेकतात. पाखरांसाठी. त्यांचे वडील फेकायचे म्हणून. गावात दुसरं कुणी फेकत नाही.

बाहुल्याचा हात खाली आला आणि बाबांच्या हातासारखाच लोंबत राहिला. फोन सगळा वेळ माझ्या हातात होता, आणि दिवसभर गॅजेटचे व्हिडिओ काढणाऱ्या मला तो वर करायचं सुचलं नाही. का, ते विचारू नका.

मी बाबांकडे पाहिलं. कपाळावर घाम. पौषातली सकाळ होती.

"हात भरून आला," ते म्हणाले.

"डावा?" मी विचारलं. टरबूजं त्यानंच फोडली होती.

"उजवा."

मायनं पिठाच्या हातानंच दुपट्टा ओढून बाजूला केला. हात होता तसाच मांडीवर. तिनं दंड धरला. "दुखते?"

"दुखून राह्यला. इथून इथपर्यंत."

"खरंच दुखते?"

"सांगून राह्यलो ना, दुखते म्हनून."

माय तिथेच खाली बसली, पोत्याला टेकून, आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, बाबांच्या बाहीला सगळं पीठ. ज्या हाताला चिमटा कळत नव्हता तो दुखत होता. नवऱ्याचं दुखतंय म्हणून इतकी खूश झालेली बाई मी पुन्हा पाहीन असं वाटत नाही. काका म्हणाले, "चहा टाका वैनी. पेरनी झाली."

त्या दुपारी मी सगळं तपासलं. स्वतः त्याच खुर्चीत, तोच दुपट्टा उजव्या हातावर टाकून बसलो. बाहुल्याचा हात नुसता थरथरत इकडेतिकडे उडाला, वाऱ्यावर कापड उडावं तसा. पेरणी-बिरणी काही नाही. काकांना बसवलं, तेच. मागची भिंत कोरी होती. गेममध्ये असलं कोणतं ॲनिमेशन आहे का ते कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारलं. उत्तर आलं की त्या मैदानात बाहुल्याला स्वतःची एकही हालचाल नाही. बाबांना पुन्हा बसवलं, दुपट्ट्यासकट आणि दुपट्ट्याशिवाय. बाहुल्याचा उजवा हात लोंबत राहिला. एकदाच झालं ते.

बाबा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून म्हणाले, "लाव तुहा डबा."

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. हात हलताना डोळ्यांना दिसला की मेंदूला जुनी वाट सापडायला मदत होते, आरसा वापरून असा उपचार करतात, म्हणाल्या. ते मला पूर्ण पटलं. हात का सुधारला याचं उत्तर माझ्याकडे आहे. बाहुला का पेरत होता, याचं नाही. पण तेव्हा मला एक भक्कम आधार होता आणि मी त्यालाच धरून होतो. ती मधेच दोनदा उचललेली मूठ. खरंच आमचा कातर असता तर तिथे मूठ उचलायचं कारण नव्हतं. कातरात त्या जागी काहीच नाही, हे कोणाही गाववाल्याला माहीत. म्हणजे ती चूक होती, सॉफ्टवेअरची उचकी. आणि एक उचकी असेल तर बाकीचंही सगळं उचकीच, मायनं त्यात आपलं वावर पाहिलं, एवढंच. नागपूरला परत जाताना जीपमध्ये मी स्वतःला हे समजावलं आणि मला बरं वाटलं.

माय रोज व्हिडिओ कॉल करायची. आधी अंगठा हलला. मग मनगट. मग बाहुल्याचा उजवा हात बाबांच्या हाताबरोबर वर यायला लागला, थोडासा, मग कोपरापर्यंत. काका रोज संध्याकाळी पायजमा घालून खेळायला यायचे, धोतर सोडलं त्यांनी त्या डब्यासाठी. पाडव्याला तो बटईवाला माणूस आला तर बाबांनी त्याला पानसुपारी दिली, उजव्या हातानं, आणि म्हणाले, "औंदा राहू द्या. पाहू समोरच्या साली." मायनं मला हे सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. तिथेच पायरीवर बसलो.

यंदा पेरणीला रजा टाकून गेलो. वरचं वावर ट्रॅक्टरनं झालं. मग काकांनी कातरात तिफण लावली. मी म्हणालो, "बाबा, थकले की सांगा, मी धरतो." काका म्हणाले, "तू नको धरू. कोंबड्या लाजतीन." बाबांनी कमरेला ओटी बांधली, मुगाची. पाय किंचित ओढत होते. उजवा हात चाड्यावर गेला, कोपर अंगाला लागून, पंजा खाली.

मी आणि माय धुऱ्यावर. दोघंही एकच बघत होतो. तास आखूड होत चालले.

एका तासाच्या मध्यावर बैलांच्या पुढ्यातून टिटवी ओरडत उठली. बाबांनी मूठ वर उचलली, खांद्याइतकी. काकांनी तिफण उचलून धरली, बैल जरा आडवे घेतले. क्षणभर सगळं थांबलं आणि मग पुढे निघालं. परतीच्या तासात, बरोबर शेजारी, मूठ पुन्हा उचलली गेली.

मायनं माझं मनगट धरलं होतं. "हे व्हय थे," ती म्हणाली.

मी चालत गेलो. ढेकळांत चार खडे दिसले, मातीच्या रंगाचे, ठिपक्यांचे. खडे नव्हते. टिटवीची अंडी. टिटवी अंडी घालते उन्हाळ्यात. संक्रांतीला तिथे काहीच नव्हतं. नसणारच.

शेवटी बाबांनी ओटीत उरलेलं धुऱ्यावर फेकलं, पाखरांचं. पूर्वीसारखं लांब गेलं नाही, पायांपासून थोडं पुढे पडलं. पण उजव्या हातानं फेकलं. काकांनी बिडी पेटवली आणि म्हणाले, "गजू, तुह्या डब्याले आता सोयाबीनचा भाव पुसून पाह्य बरं."

आता मूग वीतभर झालाय. मायनं फोटो पाठवलाय. ओळी थोड्या कमी-जास्त आहेत, पण भरलेल्या आहेत, आणि मधे शेजारी शेजारी दोन जागा मोकळ्या. पिल्लं केव्हाच निघून गेली. ज्या मोकळ्या जागेला मी सॉफ्टवेअरची चूक म्हणत होतो ती आता माझ्या फोनमध्ये आहे आणि मी रोज बघतो. कॅमेऱ्याचं, सेन्सरचं, मायच्या मनाच्या खेळाचं माझं स्वतःला सगळं सांगून झालंय. ते अंड्यांपर्यंत येतं आणि तिथे थांबतं. कुणाला त्याच्या पुढचं माहीत असेल तर खाली जरूर लिहा, मी थट्टा करणार नाही.

बाबांना मी आजवर एकदाच विचारलं, पेरणीच्या संध्याकाळी, हात शेकताना. त्या दिवशी टीव्हीसमोर बसल्यावर तुम्हाला काय दिसत होतं?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शिकलेल्या पोरानं हे काय विचारावं.

"मी कुठी टीव्ही पाह्यला?" म्हणाले. "मी तं पेरून राह्यलो होतो."